स्वीडनमधल्या लाल घरात एक आठवडा: स्तुगा, स्वयंपाक आणि जंगलातले गडगे

सागरवेळ
२४ ऑगस्ट, रात्री ९:४०

आई-बाबा पहिल्यांदाच इकडे आलेत, तीन महिन्यांसाठी. पहिल्या महिन्यात कोपनहेगन, स्टॉकहोम, गोथेनबर्ग असं सगळं दाखवून झालं. प्रत्येक ठिकाणाहून परतलो की आईचे गुडघे सुजलेले आणि बाबा गप्प. म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवार ते शनिवार, स्वीडनच्या दक्षिणेतल्या स्मोलंड भागात ओस्नेन तळ्याकाठी एक स्तुगा घेतली. स्तुगा म्हणजे सुट्टीपुरतं राहायचं लहानसं लाकडी घर. स्वयंपाक आपला आपण करायचा, चादरी-टॉवेल घरून न्यायचे आणि निघताना घर घासूनपुसून द्यायचं. मला नेमकं हेच हवं होतं. माझ्या आईला आयतं बसवलं की तिला परकं वाटतं.

लुंडहून गाडीने अडीच-तीन तास लागले. शेवटचे तीन किलोमीटर खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्च, मग एकदम मोकळं गवत आणि त्यात लाल घर, पांढऱ्या चौकटी. आत एक खोली, स्वयंपाकघर, वर झोपायला माळा, पुढे पडवी. पाणी विहिरीचं, विजेच्या पंपाने आत येणारं. संडास बाहेर, परसात, पाण्याशिवायचा. वर लाकडी बैठक असते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना काही त्रास नाही. जवळचं वाणसामानाचं दुकान १४ किलोमीटरवर. डाळ, तांदूळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता असं सगळं मी आधीच मॉल्मोच्या मोलेवोंगेन भागातून भरून घेतलं होतं. कुकर, पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबाही गाडीत होता.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली, ती आधी सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पाऊस होता, गारठा होता, मी लोखंडी शेगडीत लाकडं पेटवली आणि दोन मिनिटांत खोलीभर धूर. धुराड्याला आतून एक झडप असते, ती बंद होती. बाबांनी दारं-खिडक्या उघडल्या, आई खोकत पडवीत जाऊन उभी राहिली. झडप आधी उघडायची आणि निखारे पूर्ण विझल्याशिवाय बंद करायची नाही. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची, कारण धुमसत्या निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो. घर ताब्यात घेताना मालकाकडून झडप हाताने हलवून दाखवून घ्या.

पहिले दोन दिवस बाबांचा एकच प्रश्न: "इथे बघायला काय आहे?" मला उत्तर देता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पलंगावर बाबा नाहीत. बाहेरून ठक्, ठक् आवाज. मालकांनी खोपीत बर्चचे ओंडके रचून ठेवले होते, बाबा त्यांच्या ढलप्या काढत होते. गावचं घर बंद केल्यापासून कुऱ्हाड हातात घेतली नव्हती त्यांनी. बर्चची साल कागदासारखी सोलून निघते आणि ओली असली तरी पेट घेते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. त्या दिवसापासून शेगडीचं खातं त्यांच्याकडे.

आईचं खातं स्वयंपाकघर. इकडचे नवे बटाटे साल न काढता उकडतात आणि त्यावर शेपू घालतात. शेपू! माशात शेपू, बटाट्यात शेपू, लोणच्याच्या काकडीत शेपू. आईने दुकानात जुडी हातात घेऊन वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. मुगाची डाळ घालून शेपूची भाजी, भाकरीऐवजी राय नावाच्या धान्याचा कडक पाव. 'फील' नावाचं आंबवलेलं दूध मिळतं, त्याची कढी इतकी चांगली झाली की परत आल्यावरही आम्ही तीच करतोय. आणि इथल्या बनपावात वेलदोडा असतो, जाडसर कुटलेला, दाताखाली येणारा. आई म्हणाली, "यांच्याकडे वेलची कुठे पिकते?" पिकत नाही, पण शेकडो वर्षांपासून बाहेरून येते आणि आता ती त्यांचीच झाली आहे.

चौथ्या दिवशी जंगलात ब्लूबेरी शोधायला गेलो. रानातली ही ब्लूबेरी दुकानातल्यापेक्षा लहान, आतून गडद जांभळी, बोटं आणि जीभ जांभळाने रंगावीत तशी रंगवते. वाकून वाकून डबा भरत होतो तेव्हा बाबांनी हाक मारली. ते एका दगडी बांधापाशी उभे होते. कंबरेएवढा उंच, शेवाळलेला, घनदाट झाडीतून सरळ गेलेला. "अगं, हा गडगा आहे," ते म्हणाले. "जंगलात गडगा कशाला?"

संध्याकाळी मालक लाकडं द्यायला आले तेव्हा विचारलं. ते जंगल फार जुनं नाही. तिथे शेतं होती. हिमयुगातल्या बर्फाने इथे दगडगोटे आणून टाकले, आणि दर हिवाळ्यात जमीन गोठते तेव्हा खालचे दगड थोडे थोडे वर सरकतात. दर वसंतात नवे दगड. ते वेचून वेचून बांधावर रचत गेले, तेच हे गडगे. आम्ही राहत होतो ते घर म्हणजे 'टॉर्प', भूमिहीन माणसाचं घर. जमीन मोठ्या शेतमालकाची, भाडं पैशात नाही, कामाच्या दिवसांत फेडायचं. मी हे मराठीत सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे खोताकडे वेठीला जाणारं कूळ." ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९४० चं दशक उजाडलं.

१८६७ ते १८६९ ही दुष्काळाची वर्षं, पुष्कळांनी तेव्हा देश सोडला. साधारण १८५० ते १९३० या काळात स्वीडनमधून बारा-तेरा लाख माणसं अमेरिकेला गेली, आणि स्मोलंड रिकामं होण्यात अगदी पुढे होतं. वेक्श्योमध्ये या स्थलांतराचं संग्रहालय आहे. मागे राहिलेल्या शेतांवर झाडी वाढली. सुट्टीची म्हणून आपण जी गोंडस लाल घरं बघतो, त्यांतली कितीतरी याच लोकांची.

बाबा ऐकत होते. आमच्या गुहागरकडच्या वाडीत अकरा घरं, त्यांतली सात बंद. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की ते त्या गडग्याच्या कडेने चालत जायचे, एकटेच, तास-दीड तास. "काय बघायला आहे" हा प्रश्न परत आला नाही.

सहावी रात्र राहिली सांगायची. वारा पूर्ण पडला होता, तळं तापल्या तव्यासारखं काळं आणि सपाट. अंधारातून एक लांबलचक हाक आली, कोणी रडत हाक मारावी तशी, वर चढत जाणारी. आई दचकली. मग दुसऱ्या काठावरून उत्तर आलं. तो 'स्टूरलूम' नावाचा पाणपक्षी. आम्ही तिघं पडवीत घोंगडी पांघरून तासभर बसलो, कोणीही बोललं नाही. आमच्या घरात असं न बोलता बसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

भाडं आठवड्याला ६,५०० क्रोना पडलं. जुलैमध्ये स्वीडिश लोकांची सुट्टी असते तेव्हा महाग. ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्या शाळा सुरू होतात आणि दर उतरतात. प्रश्न असतील तर विचारा, माहीत असेल ते सांगते.

---

रानमेवा
२४ ऑगस्ट, रात्री १०:१५

गडग्याचं वाचून थांबले. आमच्या संगमेश्वरकडे पण असेच गडगे आहेत, आता करवंदीच्या जाळीत गुडूप झालेले. कोणाच्या हद्दीचे ते सांगणारं माणूस उरलं नाही. बाबांना नमस्कार सांगा.

---

कोथरूडची
२५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी आम्ही दोघं (वय ६४ आणि ६१) पुण्याहून जायचं म्हणतोय. दोन शंका. कोणाच्याही जंगलात शिरून फळं तोडली तर मालक हरकत घेत नाही का? आणि हॉटेलऐवजी असं घर घेतलं तर व्हिसाला चालतं का?

---

सागरवेळ
२५ ऑगस्ट, सकाळी ९:०५

@कोथरूडची, ताई, पहिल्याचं उत्तर आधी. स्वीडनमध्ये 'आलेमान्सरेत्तेन' नावाचा हक्क आहे, म्हणजे निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क. जुनी रूढी आहे, आणि १९९४ पासून राज्यघटनेतही तिचा उल्लेख आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालता येतं, रानफळं आणि अळंबी वेचता येतात, तळ्यात पोहता येतं, एखादी रात्र तंबूही ठोकता येतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की: "त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही." कोणाच्या घराच्या अंगणात किंवा जवळून जायचं नाही, उभ्या पिकातून चालायचं नाही, संरक्षित फुलं तोडायची नाहीत. राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे असतात. ओस्नेनचा काही भाग २०१८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे शिरताना फलक वाचायचा.

मासेमारी या हक्कात येत नाही. बहुतेक तळ्यांना परवाना काढावा लागतो, तो ऑनलाइन किंवा गावातल्या दुकानात मिळतो. वेनर्न, वेटर्न अशा पाच मोठ्या तळ्यांत गळ टाकायला परवाना लागत नाही.

आणि विस्तव. कोरड्या उन्हाळ्यात सरकारकडून आग पेटवायला बंदी येते, ती रोज तपासायची. बंदी नसली तरी उघड्या कातळावर पेटवायचं नाही. कातळ तापून तडकतो आणि तो डाग कायमचा राहतो.

---

ओस्लोकर
२५ ऑगस्ट, दुपारी १:३०

@कोथरूडची, व्हिसाला चालतं. माझ्या सासू-सासऱ्यांचा आत्ताच काढला. घराच्या बुकिंगच्या कागदावर पूर्ण पत्ता, तारखा आणि तुमची दोघांची नावं हवीत, एवढं बघा. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटला गर्दी असते, म्हणून लवकर करा.

नॉर्वेबद्दल थोडं. इथे अशा घराला 'हित्ते' म्हणतात आणि खरी धूम ईस्टरला असते: बर्फ, स्की, पाठपिशवीत संत्री आणि चॉकलेट. मला स्वतःला सर्वांत जास्त आवडते ती डोंगरात फिरणाऱ्यांच्या संघटनेची व्यवस्था. संघटना १८६८ ची, झोपड्या साडेपाचशेच्या आसपास. त्यांतल्या बऱ्याच झोपड्यांवर कोणी माणूस नसतो. सभासदाला एक किल्ली मिळते, ती बहुतेक कुलपांना लागते. काही ठिकाणी कोठीघरात डबाबंद अन्न, पीठ, कॉफी ठेवलेली असते. तुम्ही काय वापरलं ते लिहायचं, पैसे भरायचे, लाकडं फोडून ठेवायची, पाणी आणून ठेवायचं, म्हणजे तुमच्यानंतर जो भिजून येईल त्याला लगेच शेगडी पेटवता यावी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पावसात सहा तास चालून पोचलो होतो. आत कोणी तरी काडेपेटी, बारीक ढलप्या आणि वर्तमानपत्राचा बोळा शेगडीपाशी नीट मांडून गेलं होतं. ते माणूस मला कधी भेटलं नाही, पण त्या रात्री त्याची आठवण काढत झोपलो.

---

वैद्यबाई
२५ ऑगस्ट, रात्री ८:२०

ब्लूबेरीच्या झुडपांत हिंडणार असाल तर गोचिडीकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे गोचीड म्हटली की गुरं आणि कुत्री आठवतात, इथे ती गवतावर बसून माणसाचीही वाट बघते. दोन वेगळे आजार आहेत. पहिला बोरेलिया, म्हणजे लाइम. त्याला इथे माणसांसाठीची लस मिळत नाही, पण प्रतिजैविकांनी बरा होतो. त्याचे जंतू अंगात शिरायला बहुधा बराच वेळ लागतो, म्हणून गोचीड दिवसभरात काढली तर धोका खूप कमी होतो. दुसरा गोचिडीतून येणाऱ्या मेंदूज्वराचा (टीबीई) विषाणू. त्यावर औषध नाही, पण लस आहे. स्टॉकहोमजवळची बेटं आणि मोठ्या तळ्यांचा परिसर यांत तो जास्त आढळतो. जंगलात राहणार असाल तर निघण्याआधी निदान दोन डोस घेतलेले असावेत.

लांब पँट, पायमोजे वर ओढलेले, फिकट कपडे. रोज रात्री एकमेकांचं अंग बघायचं: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, रॉकेल, काडी काही लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं.

---

सागरवेळ
२५ ऑगस्ट, रात्री ८:४५

@वैद्यबाई, खूप आभार. आम्हाला आठवड्यात चार सापडल्या, एक आईच्या मानेवर. आम्ही जूनमध्येच लस घेतली होती म्हणून निर्धास्त होतो.

---

तांबडीमाती
२६ ऑगस्ट, सकाळी ११:१०

लाल रंगाबद्दल भर घालतो, माझा विषय आहे (जुन्या इमारतींचं जतन). तो रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतला. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीत लोहाचं प्रमाण भरपूर, ती वर्षानुवर्षं उघड्यावर पडून गंजते, मग धुऊन, भाजून, दळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गेरूच. त्यात राय धान्याच्या पिठाची खळ आणि जवसाचं तेल घालून शिजवतात. आपण कागद चिकटवायला कणकेची खळ करायचो, तोच प्रकार. हा रंग लाकडावर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे आतली ओल बाहेर पडते आणि लाकूड कुजत नाही. पुन्हा लावताना जुना खरवडायचा नाही, ब्रशने झाडून वर नवा हात द्यायचा.

सुरुवातीला श्रीमंतांनी आपली लाकडी घरं विटांची वाटावीत म्हणून हा रंग लावला, खेड्यातल्या गरिबांच्या भिंतींवर तो फार नंतर आला. खाण १९९२ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. रंग अजून तिथल्याच साठ्यातून बनतो.

कोकणात जांभ्याच्या भिंतीवर आता सर्रास ॲक्रिलिक मारतात आणि मग पोपडे येतात म्हणून रडतात. भिंतीला श्वास घेऊ देणारा रंग आपल्याकडेही होता. विषयांतर झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

जटलंडची
२६ ऑगस्ट, दुपारी ३:००

डेन्मार्कमधल्या सोमरहूसला (इथलं सुट्टीचं घर) येणाऱ्यांसाठी: भाड्यात वीज बहुतेक वेळा धरलेली नसते. आल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, निघताना काढा. थंडीत आलात आणि विजेचे हीटर चालवलेत तर बिल मोठं येतं. आणि इथे स्वीडनसारखा मोकळा हक्क नाही. समुद्रकिनारा सर्वांना खुला, पण खाजगी जंगलात पायवाट सोडायची नाही.

---

कोथरूडची
२६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार, वहीत लिहून घेतलं. निघतानाच्या साफसफाईबद्दल कोणी सांगेल का? पुतण्याला एकदा वाईट अनुभव आला होता.

---

सागरवेळ
२६ ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, मलाही आला होता, पण दुसऱ्या एका घरात, तीन वर्षांपूर्वी. आम्ही झाडून, पुसून, भांडी लावून निघालो आणि आठवड्याने १,२०० क्रोनांची मागणी आली, ओव्हन आतून घासला नाही म्हणून. राग आला, पण करारात ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आता मी निघायच्या आदल्या संध्याकाळी करारातली यादी भिंतीला लावते. ओव्हन, फ्रिज, शेगडीतली राख, पलंगाखाली, कचरा वेगवेगळा करून ठरल्या जागी. राख पूर्ण गार झाल्यावर लोखंडी बादलीत, कधीही कचऱ्याच्या पिशवीत नाही. मग प्रत्येक खोलीचे फोटो. तिघांना तीन तास लागतात. गुडघे दुखत असतील तर जास्तीचे पैसे देऊन साफसफाई त्यांच्याकडूनच करून घेता येते, बुकिंग करतानाच तसं कळवा.

---

सौनावाली
२७ ऑगस्ट, सकाळी १०:२५

फिनलंडचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे 'मोक्की'. देशाची लोकसंख्या ५६ लाखांच्या घरात आणि अशी घरं पाच लाखांच्या आसपास. वीज नसली तरी चालते, पण सौना नसलेली मोक्की मी पाहिली नाही. तापल्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला 'ल्योयल्यू' असा वेगळा शब्द आहे. बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी अंगावर हलके हलके मारायची आणि मग तळ्यात उडी. २०२० मध्ये युनेस्कोने फिनिश सौनाला वारशाच्या यादीत घेतलं. माझी आजेसासू सांगते की पूर्वी बाळंतपणं सौनामध्येच होत, घरातली सर्वांत स्वच्छ आणि उबदार जागा म्हणून. हे ऐकल्यावर मला आमची बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी आठवली. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

---

रानमेवा
२७ ऑगस्ट, दुपारी १२:१०

अळंब्यांचं राहिलं. ओळखता येतात का?

---

सागरवेळ
२७ ऑगस्ट, दुपारी १:००

मला एकच ओळखता येतं, कांतारेल. जर्दाळूच्या रंगाचं, टोपीखाली देठापर्यंत उतरत गेलेल्या चुण्या, जर्दाळूसारखाच मंद वास. त्याच्यासारखी दिसणारी दुसरीही असतात, म्हणून मालकीणबाई सोबत आल्या तेव्हाच वेचली आणि घरी आल्यावर त्यांनी एकेक पुन्हा तपासलं. जरा जरी शंका असेल तर टाकून द्यायचं. आईने लोण्यावर परतून नुसतं मीठ-मिरपूड घातलं. मी मसाला काढला तर म्हणाली, "नको, याचा वास जाईल."

---

ओस्लोकर
२८ ऑगस्ट, सकाळी ८:१५

गाडी चालवणाऱ्यांसाठी एक: पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवा. एल्ग (मूस, हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) लांब पायांचा, धडक बसली तर त्याचं धड सरळ समोरच्या काचेवर येतं. एक रस्ता ओलांडून गेला तरी थांबा, मागून पिल्लू येतं. मदतीसाठी फोन ११२.

---

सागरवेळ
१९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

धागा वर काढतेय, राग मानू नका. आई-बाबा गेल्या महिन्यात परतले. आज स्मोलंडच्या मालकीणबाईंचा निरोप आला: पहिला कडक गारठा पडायच्या आत घराचे नळ रिकामे केले, पंप बंद केला, आता एप्रिलमध्ये उघडतील. सोबत बाबांनी खोपीत रचलेल्या लाकडांचा फोटो, अजून तशीच.

मी तो घरच्या ग्रुपवर पाठवला. थोड्या वेळाने बाबांचा फोन आला. दिवाळीनंतर वाडीतलं घर उघडून आठ दिवस राहायचं म्हणतायत दोघं. विहिरीचा रहाट चालतो का ते बघायला शेजारच्या काकांना सांगितलंय, आणि मागच्या अंगाचा गडगा पावसात ढासळलाय, तो रचायला कोणी मिळतंय का त्याची चौकशी चालू आहे.

@कोथरूडची, ताई, पुढच्या ऑगस्टचं बुकिंग त्यांच्याकडे १ नोव्हेंबरला सुरू होतंय. पत्ता निरोपातून पाठवला आहे.

---

कोथरूडची
१९ ऑक्टोबर, रात्री ९:५२

मिळाला गं. १ तारखेला सकाळीच करते. शेपू तिथेच घेऊ, मुगाची डाळ इथून आणते.